चारचा धूर

गजभिये तोंडातला पाईप न काढता भांडतात. माझा पहिला आक्षेप हाच आहे. माणसानं भांडताना समोरच्याचा थोडा मान ठेवावा, तोंडात काही असेल तर ते काढावं आणि मग काय ते बोलावं. मी स्वतः भांडायला निघताना वाचायचा चष्मा काढून ठेवते आणि पदर खोचते. हे गृहस्थ पाईप दातांत आवळून अर्ध्या तोंडाने बोलतात. बरं, भांडण रंगात आलं की त्यांचा पाईप विझतो. मग ते हात वर करून मला थांबवतात, खिशातून एक मोठा खिळा काढतात, त्याच्या डोक्याने राख दाबतात, काडी ओढतात, दोन झुरके घेतात आणि म्हणतात, "हां, बोला. कुठं होतो आपण?" तोवर माझा राग निवायला लागलेला असतो, आणि राग निवायला लागला की मला फार राग येतो.

मी ढोबळे. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त आहे आणि त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या फ्लॅट स्कीमची, म्हणजे सोसायटीची, अध्यक्ष आहे. अध्यक्ष मी हौसेने झालेले नाही. एका सभेत मी सगळ्यांवर ओरडत होते, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "मग मॅडम, तुम्हीच व्हा ना." रागाच्या भरात मी हो म्हटलं. गजभिये तळमजल्यावर मागच्या बाजूला राहतात आणि मी बरोबर त्यांच्या डोक्यावर. त्यांच्या नि माझ्या घरामागे पार्किंग आहे, आणि माझा कूलर मागच्याच खिडकीत बसवलेला आहे.

नागपूरचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला कूलर म्हणजे काय ते सांगायला नको. बाहेरची हवा ओढून आत फेकायची एवढंच त्याचं काम. त्या हवेला छान वास यावा म्हणून मी दरवर्षी नवा वाळा लावून घेते. दुपारची झोप काढून मी उठते, खिडकीसमोर तोंड धरते, आणि बरोबर चार वाजता खाली हा माणूस पाईप पेटवतो. वाळा राहिला बाजूला, कूलर भस्सकन तंबाखूचा धूर माझ्या तोंडावर सोडतो. तोही साधा धूर नाही. त्याला संत्र्याच्या सालीचा वास असतो.

ही साल माझ्या फार वर्मी लागलेली आहे. माझं माहेर काटोलचं. घरची संत्र्याची बाग, अजूनही भाऊ पेटी पाठवतो. संत्र्याच्या दिवसांत एकदा गजभियांनी माझी बेल वाजवली आणि विचारलं, "मॅडम, सालटं फेकून राहिल्या का? मले देता का?" मला वाटलं, चेहऱ्याला लावायची असतील कोणाला, किंवा झाडांना टाकायची असतील. मी पिशवीभर दिली. पुढे कळलं की ते ती साल तंबाखूच्या बरणीत टाकून ठेवतात, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात तंबाखू पापडासारखा कडकडीत होतो आणि सालीने तो मऊ राहतो. माझ्या वडिलांनी लावलेल्या झाडांच्या संत्र्याची साल, आणि ती धूर होऊन माझ्याच कूलरमधून माझ्याच घरात! मी त्याच दिवशी खाली जाऊन भांडले. ते पाईप न काढता म्हणाले, "काटोलचीच चांगली राहते. बाकी सालटं कडू मारते."

आता पाईप ओढायचं आपल्या गावात काही कारण आहे का? इथे माणूस खर्रा खातो. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोट घोट घोटतो, गालात कोंबतो आणि मग दिवसभर कोणाशी बोलायचं झालं की मान वर करून आकाशाकडे पाहत बोलतो. आमचे सेक्रेटरी पिंपळकर याच जातीचे. आमच्या जिन्याचे कोपरे त्यांनी आणि त्यांच्या पाहुण्यांनी रंगवले आहेत. त्या कोपऱ्यांवरून मी त्यांच्याशी भांडते, गजभियेही भांडतात, आणि एवढ्या एका बाबतीत आमचं एकमत आहे. पण पाईप! दातांत तो धरून, पाठीमागे हात बांधून पार्किंगमधून फिरणारा माणूस पाहिला की मला वाटायचं, हा साहेबी थाट कोणाला दाखवायचा आहे? कोळशाच्या खदानीत ओव्हरमन होते म्हणे. म्हणजे एका पाळीची माणसं खाली न्यायची आणि नेली तितकी वर आणायची. चांगलं काम आहे. पण म्हणून कूलरच्या तोंडाशी उभं राहायचं?

त्यांच्या पाईपला कोणी चिलम म्हटलेलं त्यांना चालत नाही. एकदा स्कीममध्ये आलेल्या पेंटरने विचारलं, "काका, चिलम छान आहे, कुठे मिळते?" गजभियांनी त्याला भर उन्हात उभं करून चिलम आणि पाईप यातला फरक सांगितला. चिलमीत काय असते, ती कशी धरते, पाईपची नळी लांब कशाला, वाटी जाड कशाला. पेंटर दुसऱ्या दिवशी आला नाही आणि आमचा जिना अर्धा पिवळा नि अर्धा पांढरा राहिला. यावरूनही मी भांडले आहे.

त्यांच्याकडे पाईप बरेच आहेत. ते सगळे स्वयंपाकघरातल्या कप्प्यांच्या मोठ्या डब्यात झोपवलेले असतात. आज ओढलेला पाईप उद्या ओढायचा नाही, त्याला विसावा द्यायचा. सकाळी ते पायरीवर बसून पाईप साफ करतात. त्यासाठी ते काय वापरतात? देवापुढच्या समईच्या लांब वाती! तारेला गुंडाळून नळीतून फिरवतात. बर्डीतला पूजासामानाचा दुकानदार त्यांना फार धार्मिक समजतो आणि दर खेपेला उदबत्तीचा पुडा फुकट देतो. तो पुडा ते माझ्या दाराला अडकवून जातात, "मॅडम, तुमच्या कूलरपाशी लावा" म्हणून. हा माणूस मला चिडवतो की काळजी घेतो हे मला कधी कळलं नाही, म्हणून मी चिडायचंच ठरवलं होतं.

एकदा मी सरळ विचारलं होतं, "असं आहे तरी काय हो त्या लाकडात?"

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी तो तोंडातून काढला. "बिडी ओढणारा घाईत राहते, मॅडम. सिगारेटवाला दुसऱ्यायले दाखवाले ओढते. खर्रेवाल्याले तर आपण काय खाऊन राहिलो हेच मालूम नसते. पाईपवाल्याले जागं राहा लागते. गच्च ठासला का कोंडते, सैल ठेवला का भडकते. जोरात ओढला का जीभ भाजते, अन् विसरला का विझते. थोडीशी आग, अन् आपलं ध्यान तिच्यावर. बस." मग त्यांनी न विचारता पाईपची वाटी माझ्या तळहातावर टेकवली. कोमट होती. चिमणीचं पिल्लू हातात घ्यावं तितकीच. "इतकीच ऊब पायजे. हात पोळला म्हंजे आपण घाई केली. अन् घाई कोणाले आहे?"

"घाई कोणाले आहे?" हे त्यांचं पालुपद. दुसरं, "काडी एकच." एका काडीत पाईप पेटला पाहिजे, दुसरी काडी म्हणजे नापास. मला ती ऊब आवडली होती. म्हणून मी हात झटकला आणि म्हटलं, "मला आहे घाई. माझा कूलर सुरू आहे." आणि वर निघून आले.

त्यांच्या घरात एक म्हातारी बाई असे. ती कधी बाहेर येत नसे. मागच्या खिडकीतून कधी पांढरं डोकं दिसे, कधी स्टीलच्या भांड्याचा आवाज येई. बायको असणार, आजारी असणार, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. चार वाजता हा माणूस घरातून बूट घालून निघे, फाटकापर्यंत जाई, तिथे पाईप पेटवी आणि पार्किंगमधून सावकाश चालत, धूर पुढे सोडत आपल्याच घराकडे परत येई. आजारी बायकोच्या खिडकीत धूर सोडणारा नवरा! माझ्या रागात त्या बाईच्या वाट्याचा रागही मी जमा करत असे. तिला भांडता येत नसेल, तर तिच्या वतीनं मी.

शेवटी मी सभा बोलावली. पार्किंगमध्ये खुर्च्या टाकल्या. पिंपळकर उठले, गालातला ऐवज सांभाळत, मान वर करून म्हणाले की तंबाखूच्या धुराने सर्वांच्या आरोग्याला धोका आहे. मी त्यांना म्हटलं, "आधी थुंकून या, मग आरोग्यावर बोला." ते कोपऱ्यात जाऊन आले. तोवर गजभिये उभे राहिले.

"सकाळचा बंद करतो," ते म्हणाले. "संध्याकाळचा बी बंद. रविवारी जेवणावर एक राहते, तो बी सोडला. पण चारचा नाही."

"काहून?" मी विचारलं. "चारचाच तर माझ्या नाकात येतो!"

"नाही म्हंजे नाही. बाकी काही बी मागा, मॅडम. चारचा पाईप बंद होणार नाही. तुमाले जे कराचं ते करा."

एवढा हटवादीपणा! मी म्हटलं, कारण सांगा. कारण ते सांगेनात. आवाज चढले. माझा तर चढलेलाच होता. तेवढ्यात पिंपळकरांनी आपला हुकमाचा पत्ता काढला. स्कीममध्ये घरोघरी नळीने गॅस यायचा होता, त्याचे मीटर नुकतेच पार्किंगच्या मागच्या भिंतीवर लावून झाले होते. पिंपळकर म्हणाले, "गजभिये साहेब, मीटर लागले ना तिथे गॅसचे. आता त्या जागी आग घेऊन फिरायचं म्हणजे..."

गजभियांचा आवाज एकदम थांबला. "गॅस?" ते म्हणाले. "मागच्या भिंतीवर?"

ते तसेच भिंतीपाशी गेले, मीटरच्या रांगेकडे बराच वेळ पाहत राहिले. परत आले ते थेट माझ्यासमोर. खिशातून काडीपेटी काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"जमा करून घ्या," ते म्हणाले.

"हे काय नाटक?"

"खदानीत उतराच्या आधी वर तपासते, मॅडम. काडी, बिडी, पाईप, सारं वरच जमा. खाली गॅस राहते. गॅस असन त्या जागी काडी नाही. तुम्ही अध्यक्ष आहा, तुमच्यापाशी जमा."

"पावती देऊ का?" मी खोचकपणे विचारलं.

"तिथं बी देत नव्हते," असं म्हणून ते घरात गेले. मी जिंकले होते. काडीपेटी मी फ्रिजवर ठेवली आणि चहा केला. चहा बेचव झाला याचा मला राग आला, आणि तो मी दूधवाल्यावर काढला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी मुद्दाम खिडकीत उभी राहिले. गजभिये बूट घालून निघाले, फाटकाच्या बाहेर गेले, समोरच्या पानठेल्यावर टांगलेल्या लायटरने पाईप पेटवला आणि रस्त्यावर उभे राहिले. धूर रस्त्याकडे गेला. ते थोडे डावीकडे सरकले, धूर पानठेल्याकडे गेला. मग ते भिंतीच्या कडेकडेने नालीपर्यंत गेले, मागच्या स्कीमच्या गल्लीत शिरले, तिथून टाचा उंच करून धूर आमच्या भिंतीवरून आत सोडायचा प्रयत्न केला. डोक्यावर मे महिन्याचं ऊन, आणि हा माणूस आमच्या स्कीमला प्रदक्षिणा घालतोय! मी हसले. माझ्या कूलरला फक्त वाळ्याचा वास येत होता. पुढचे काही दिवस हाच तमाशा चालला. खाली, त्यांच्या खिडकीतून, चार वाजून गेले की भांडी आपटल्याचा आवाज येऊ लागला. मला वाटलं, नवराबायकोचं भांडण. बरं झालं, म्हटलं, बाईला कंठ फुटला.

मग एका दुपारी मी भाजी घेऊन येत होते. पार्किंगमध्ये ती म्हातारी उभी होती, अनवाणी. बारीकशी, नऊवारी लुगडं, हातात रिकामं चहाचं पातेलं. पार्किंगच्या फरशीवर त्या वेळी मी चप्पल घालूनही थांबत नाही.

"पाळी सुटली का वं बाई?" तिने मला विचारलं.

"कोणती पाळी?"

"पयली पाळी. सारे लोक आले न वं वर. आमचे भाऊजीच नाही आले. तुमचे आले का?"

 "भाऊजी? गजभिये तुमचे दीर आहेत?"

"मी इथंच उभी राहतो," ती म्हणाली आणि फाटकाकडे पाहू लागली. तिचे पाय एकावर एक होत होते, पण ती सावलीत यायला तयार नव्हती.

मी हाक मारली. हाक म्हणजे किंचाळलेच. गजभिये गल्लीच्या टोकावरून धावत आले, पाईप हातात. फाटकाशी आले आणि थांबले. थांबले! बुटाच्या टाचेवर पाईप आपटला, राख रस्त्यावर पाडली, ती पायाने चोळली, पुन्हा चोळली, आणि मग आत पाऊल टाकलं. मी ओरडले. "अहो, तिचे पाय भाजताहेत नि तुम्ही राख काय चोळता!"

ते तिच्यापाशी आले. वाकून आपले बूट काढले, तिच्या पायात घातले, आणि तिला धरून म्हणाले, "चाल वयनी, घरी चाल."

तिने त्यांचा हात झटकला. "तुम्ही कोण जी? आमच्या भाऊजीले पाहिलं का?"

तिला आत नेऊन निजवायला बराच वेळ लागला. मी दारातच उभी होते. काचेच्या कपाटात एक पितळेचा दिवा ठेवलेला दिसला, खदानीत गॅस तपासायला नेतात तसला, ज्योत काचेआड आणि जाळीआड बंद, रोज घासलेला, लख्ख. गजभिये बाहेर आले ते माझ्यावरच ओरडत. पाईप तोंडात नव्हता, त्यामुळे प्रत्येक अक्षर स्पष्ट होतं.

"काय पाहून राहिल्या? मजा येऊन राहिली का? मोठा भाऊ खाली गेला तो वर आलाच नाही, मॅडम. छत बसलं. त्याच्या जागी नोकरी वयनीले भेटत होती. तिनं मले देली. मी उमरेडले हातमागावर बसत होतो, मले म्हणे, तुम्ही तरण्या माणसानं करा. अन् मंग रोज दरवाज्यात उभी. मी वर येतो का नाही ते पाहाले! पाळी सुटली का शे-दोनशे माणूस एकदम निघते. सारे काळे, सारे टोप घातलेले. कोण्ता मी ते तिले दुरून समजे ना. जवळ येईपर्यंत तिच्या अंगात जीव नसे. बिडी त सारेच ओढे, त्याचा वास एकच. एक म्हातारा मॅनेजर पाईप टाकून गेला होता, तो मी उचलला. असा वास खदानीत दुसऱ्या कोणाचाच नव्हता. खदानीच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर पेटवला का वारा तिच्यापाशी घेऊन जाये. वास आला का ती आत जाये, चहा ठेवे. आता तिले माझं तोंड आठवत नाही. वास तेवढा आठवते. चार वाजले का ती उभी राहते, अन् वास आला नाही का..."

"आणि तुमचं लग्न?" मी विचारलं. मला असं काहीतरी विचारायची सवय आहे.

"राहून गेलं. घाई कोणाले होती?"

"म्हणजे तुम्हाला पाईप आवडतच नाही?"

"आवडते त! काहून नाही आवडणार? ज्या वासानं घरी चहाचं आधण चढे, तो वास कोणाले आवडणार नाही?"

"मग हे सभेत काहून नाही सांगितलं?" आता मीही ओरडत होते. "तोंड नव्हतं का? दुसऱ्या वेळी तर पाईपसकट बोलता!"

"सांगून काय? गॅस असन तिथं काडी नाही. कारण काही बी असो. कारणं पाहून काडी ओढाले लागलो असतो तर माझ्या पाळीची माणसं वर आली असती का?"

 मला त्यांचा राग आला, त्या बाईने उन्हात पाय भाजून घेतले याचा राग आला, आपल्या फ्रिजवरच्या काडीपेटीचा राग आला. हे सगळे राग घेऊन मी पिंपळकरांच्या दारात गेले. बेल वाजवली नाही, दार वाजवलं.

"गॅस सुरू केव्हा होणार आहे?" मी विचारलं.

पिंपळकरांनी मान वर केली. "गॅस? तो कुठचा एवढ्यात? रस्त्यातली लाइनच जोडली नाही अजून. दिवाळीनंतर म्हणतात."

"म्हणजे मीटर रिकामे आहेत?"

"रिकामेच. पण ते गजभिये ऐकत नव्हते ना, म्हणून म्हटलं..."

त्यानंतर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शाळेत मी कधीच असं बोलले नसते. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असं लोक म्हणतात. शेवटी मी सांगितलं की गॅस येण्याआधी ते मीटर पुढच्या भिंतीवर गेले पाहिजेत, हा अध्यक्षांचा निर्णय आहे, आणि जिन्यातला कोपरा उद्या त्यांनी स्वतः धुवायचा आहे, हाही. पिंपळकरांनी दोन्ही मान्य केलं. तोंडात खर्रा असल्यामुळे त्यांना भांडता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी चारच्या जरा आधी मी काडीपेटी घेऊन खाली गेले. "घ्या," म्हटलं. "नळ्या रिकाम्या आहेत. गॅस आलेलाच नाही. पेटवा."

गजभियांनी हात पुढे केला नाही. "कोणी तपासलं?"

"पिंपळकर म्हणतात."

"पिंपळकर काय ओव्हरमन आहे? त्याले जिन्यात कुठं थुकलो ते समजत नाही."

"मग तुम्ही तपासा!" मी ओरडले. "तो पितळेचा दिवा काय शोभेला ठेवला आहे? गॅस बघायचाच आहे ना तो? घ्या आणि तपासा! चार वाजत आले, ती बाई उठून बसली असेल!"

 गजभिये आत गेले, दिवा घेऊन आले, फाटकाबाहेर जाऊन तो पेटवून, काच नीट बंद करून परतले. मी आजवर त्यांना असं चालताना पाहिलेलं नव्हतं. पाठ वाकलेली, पाऊल जपून, जणू डोक्यावर उघडं आभाळ नसून खदानीचं छत होतं. एकेक मीटरपाशी दिवा नेला, मग हात उंचावून मीटरवरच्या पत्र्याच्या छपराखाली धरला, तिथे हा गॅस जाऊन बसतो म्हणे. गॅस असला की ज्योत निळसर होऊन लांबते म्हणे; ही लहान, पिवळी, स्थिर होती. ते तिच्याकडे डोळे बारीक करून पाहत होते आणि मी श्वास धरून होते, रिकाम्या नळ्यांसमोर.

"खडू आहे का?" त्यांनी विचारलं.

माझ्या घरात खडू असतोच. मी आणून दिला. त्यांनी भिंतीवर तारीख घातली, खाली 'गॅस नाही' लिहिलं आणि त्याखाली सही केली. मग हात पुढे केला. मी काडीपेटी त्यांच्या हातावर ठेवली.

फाटकाशी जाऊन त्यांनी पाईप भरला. पहिली काडी विझली.  त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'काडी एकच' म्हणायची माझी अनावर इच्छा मी दाबली. दुसऱ्या काडीने पाईप पेटला. त्यांनी पाठीमागे हात बांधले आणि पार्किंगमधून घराकडे सावकाश चालू लागले. तंबाखूचा नि काटोलच्या संत्र्याच्या सालीचा धूर त्यांच्या पुढे निघाला. त्यांच्या खिडकीतल्या कूलरने तो ओढून आत घेतला.

दाराशी येऊन ते थांबले. आत गेले नाहीत. मी काही बोलणार तर हाताने गप्प केलं. आत भांडं आपटण्याचा आवाज चालला होता. तो थांबला.  मग म्हातारीचा आवाज आला, कोणाला तरी शेजारणीला सांगावं तसा, अगदी रोजचा.

"आले वं बाई. दोघांतला एक तरी आला वर."

गजभिये हे ऐकायलाच थांबले होते. ऐकून घेतलं, मान हलवली. मग दारातच पायातले बूट काढून आपटले आणि तोंडातला पाईप न काढता, सगळ्या स्कीमला ऐकू जाईल असे ओरडले, "वयनी! चहा ठेवला का नाही अजून?"

"वरडू नका," आतून आलं. "ठेवला."

तो कधीच ठेवलेला नसतो. पाईप बाहेरच्या कट्ट्यावर टेकवून ते आत जातात आणि स्वतःच ठेवतात.